पाठीवरचे बिऱ्हाड

गेल्या मे महिन्यात आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली. कल्याणच्या जुन्या वस्तीतली तीन मजली इमारत. वडिलांनी नोकरीत असताना पै पै साठवून घेतलेली दोन खोल्यांची जागा. सामान हलवायचे म्हणजे काय प्रकार असतो हे ज्याने हलवले त्यालाच ठाऊक. दोन टेम्पो भरले, तिसरा अर्धा भरला आणि तरीही एक लोखंडी खाट, आईचा पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि माळ्यावरच्या मासिकांचे सात-आठ गठ्ठे असा ऐवज मागे राहिला. नवी भाड्याची जागा जुन्या जागेपासून फार तर मैलभर लांब असेल. पण संध्याकाळी खोक्यांच्या ढिगाऱ्यात चहाचे पातेले सापडेना, तेव्हा मी कपाळाला हात लावून मोठ्याने म्हणालो, "झालो एकदाचे निर्वासित!"

आमची कन्या एका खोक्यावर बसून वाचत होती. ती इयत्ता पाचवीत आहे. तिने मान वर केली आणि मला विचारले, "बाबा, निर्वासित म्हणजे काय ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी लगेच सरसावून बसलो. 'निर्' हा उपसर्ग, 'वास' म्हणजे राहणे, ज्याचे राहणे हिरावून घेतले गेले तो. 'शरणार्थी' हा शब्द वेगळा, त्यात आसरा मागणे आहे, निर्वासितात नुसते उखडले जाणे आहे, वगैरे वगैरे. शिवाय तिच्या पणजीच्या तोंडचा 'कॅम्प' हा शब्दही मी तिला सांगितला. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा देण्यात आली आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. पण आमच्या आजीने मरेपर्यंत कधी उल्हासनगर म्हटले नाही. "कॅम्पात कापड स्वस्त मिळते," असेच ती म्हणायची. त्या स्वस्त कापडामागे कोणाचे काय काय सुटून गेले होते, याची चौकशी आमच्या घरात कोणी केल्याचे मला आठवत नाही.

कन्येने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "यातली मुलगी निर्वासित आहे. ती असं चिडत नाही." आणि तिने हातातले पुस्तक माझ्यापुढे धरले.

शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले, कोपरे मुडपलेले इंग्रजी पुस्तक: 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट'. लेखिका ज्युडिथ केर. नाव पाहून मला वाटले, काहीतरी गमतीचे असेल. रात्री सगळे झोपल्यावर दिव्याखाली बसून चाळायला घेतले आणि दोन वाजता खाली ठेवले. पुढचे तीन महिने मी या बाईच्या मागेच लागलो होतो. तिची पुढची दोन पुस्तके वाचली, तिच्या वडिलांविषयी मिळेल ते वाचले. जे हाती लागले ते या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो आहे.

ज्युडिथचा जन्म १४ जून १९२३ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील आल्फ्रेड केर हे जर्मनीतले नामांकित नाट्यसमीक्षक. 'बर्लिनर टागेब्लाट' या वृत्तपत्रात त्यांचे परीक्षण आले की नाटक चालणार की पडणार हे ठरायचे, इतका त्यांचा दबदबा. लेखणी तिखट, वाक्ये तुटक, छोटी छोटी, आणि एकेका परिच्छेदाला रोमन आकडे घालण्याची त्यांची एक तऱ्हा. मूळचे आडनाव केम्पनर. तरुणपणीच ते टाकून त्यांनी 'केर' घेतले. (आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो हे त्यांना कोणी सांगितले नाही, ते बरे झाले, पुढे त्यांच्या देशाने त्यांना खरोखरच केरासारखे झाडून बाहेर टाकले.) आई जूलिया त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, स्वतः संगीतरचनाकार, बड्या सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. ज्युडिथहून दोन वर्षांनी मोठा एक भाऊ, मायकेल. घर ज्यू, पण धर्माचे फारसे सोवळे नसलेले. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड या झाडीच्या उपनगरात मोठे घर, हाताशी नोकरचाकर. सुखवस्तू म्हणावे असे सगळे.

आल्फ्रेड केर यांनी हिटलरला पहिल्यापासून ओळखले होते. लेखांतून आणि रेडिओवरून ते त्याच्यावर तुटून पडत. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सेलर झाला. पुढच्याच महिन्यात एके दिवशी केर तापाने अंथरुणावर असताना दूरध्वनी आला. बोलणारा पोलिसातला माणूस होता. तुमचा पासपोर्ट काढून घेण्याचे चालले आहे, एवढेच त्याने सांगितले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी हे गृहस्थ अंगात ताप असताना उठले, लहानशी बॅग भरली आणि आगगाडीने प्रागला निघून गेले. त्या पोलिसाचे उपकार केर कुटुंब कधी विसरले नाही.

मुलांना मात्र यातले काही बोलायचे नाही अशी ताकीद होती. बाबा आजारी आहेत, भेटणार नाहीत, असे शाळेत सांगायचे. ५ मार्च १९३३ला निवडणूक होती. ती हिटलर जिंकला तर सीमा बंद होतील या भयाने जूलियाने मतदानाच्या आधीच मुलांना घेऊन स्वित्झर्लंडची गाडी पकडली. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नाझी माणसे पासपोर्ट मागायला घरी आली, असे ज्युडिथ पुढे अनेकदा सांगत असे. एका दिवसाचा फरक. मी हा मजकूर वाचला तेव्हा पलीकडच्या खोलीत कन्या झोपली होती. उठून एकदा तिच्या अंगावर पांघरूण घालून आलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

आता त्या सशाची गोष्ट. पुस्तकातल्या मुलीचे नाव ॲना आहे. ती म्हणजे ज्युडिथच, थोडी इकडची तिकडची करून. निघताना आई सांगते की प्रत्येकाने एकच खेळणे घ्यायचे. ॲनाकडे एक जुना गुलाबी ससा असतो, अगदी तान्हेपणापासूनचा, खेळून खेळून झिजलेला. आणि नुकताच आलेला एक नवा लोकरीचा कुत्रा. ती कुत्रा उचलते. नवे आहे, अजून पुरेसे खेळलेलेही नाही, आणि काय, थोड्याच दिवसांत परत तर यायचे आहे! पुढे घरातले सगळे सामान नाझींनी जप्त केले अशी बातमी येते, तेव्हा तिला कळते की आपण चुकीचे खेळणे उचलले. दोघे भावंडे मग कल्पना करतात की हिटलर आता आपल्या खेळांच्या पेटीशी खेळत असेल आणि सशाला कवटाळून बसला असेल. हसावे की काय करावे हे वाचणाऱ्याला समजत नाही.

गाडीतला प्रसंग तर मी वर्गात वाचून दाखवला. पासपोर्ट तपासणारा येणार म्हणून आई आपली हातातली पिशवी इतकी घट्ट आवळून बसलेली असते की पिशवीचा पार चुरा होतो. तो येतो, पाहतो, शिक्का मारतो. तो पुरता बाहेर पडायच्या आतच ॲना आनंदाने बोलून जाते, पाहिलंस, काही झालं नाही! आईची नजर पाहून ती गप्प बसते. मुले अशीच असतात. मोठ्यांच्या भीतीची त्यांना चाहूल असते, पण तिचा आकार ठाऊक नसतो. दुसऱ्या एका ठिकाणी ॲना ऐकते की नाझींनी बाबांच्या शिरावर इनाम लावले आहे. तिला वाटते, नाण्यांची रास त्यांच्या डोक्यावर ओतणार आणि त्याखाली ते गुदमरणार! रात्री तिला झोप येत नाही. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलांना आम्ही परीक्षेत गुण कापतो. येथे मला ते जमले नसते.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या सरोवराकाठी ते राहिले. मुलांचे दिवस मजेत गेले. गावातली शाळा, सरोवर, नवी बोली. पण तटस्थ देशातल्या वृत्तपत्रांना हिटलरविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाचे लेख छापायची हिंमत होईना. आणि त्याच सुमारास, १० मे १९३३ रोजी, बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली.

या होळीविषयी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेले असते. मला तिच्यातला एक तपशील ठाऊक नव्हता आणि तो कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ही होळी गुंडांनी नव्हे, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, विद्यापीठाच्या समोरच्या चौकात पेटवली. एकेका लेखकाचे नाव पुकारून, त्याचा गुन्हा मोठ्याने जाहीर करून पुस्तके आगीत टाकली जात होती. फ्रॉइडचा गुन्हा वेगळा, रिमार्कचा वेगळा. आल्फ्रेड केर यांचा गुन्हा कोणता? तर त्यांनी जर्मन भाषेची मिजासीने नासधूस केली! ज्या माणसाने आयुष्यभर एकेक जर्मन शब्द पारखून वापरला, त्याच्यावर तरुण पोरांनी ठेवलेला हा आरोप. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्या पहिल्या ३३ जणांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, त्यांत हाइनरिश मान, फॉइख्टवांगर यांच्याबरोबर केर यांचेही नाव होते. भाषा शिकवणाऱ्या माणसाने आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहताना अशा गोष्टी मनात आणू नयेत; पण येतात.

१९३३ संपता संपता कुटुंब पॅरिसला गेले. या प्रवासाचा पुस्तकातला प्रसंग असा: हमाल त्यांचे सामान भलत्याच गाडीत चढवतो आणि ती गाडी श्टुटगार्टची, म्हणजे थेट जर्मनीची निघते. गाडी सुटायच्या आत लक्षात येते, धावाधाव करून सगळे उतरतात. चूक होती की आणखी काही, कोणाला ठाऊक!

पॅरिसमध्ये दहा वर्षांची मुलगी फ्रेंचचा एक शब्द न येता फ्रेंच शाळेत जाऊन बसली. पुस्तकातल्या ॲनाला कित्येक महिने रोज संध्याकाळी डोके दुखेपर्यंत मनात भाषांतर करावे लागते. आणि मग एके दिवशी कोणी काही विचारते, ती उत्तर देते, आणि तिच्या ध्यानात येते की आपण आधी जर्मनमध्ये विचार केलाच नाही. भाषा येण्याचा हा क्षण इतका नेमका पकडलेला मी क्वचितच वाचला आहे. भाषाविज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांतही तो मला भेटला नव्हता.

घर म्हणाल तर भाड्याचा लहानसा फ्लॅट. ज्या जूलियाने कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते, ती आता स्वयंपाक करत होती, फाटके कपडे सांधत होती. आल्फ्रेड निर्वासितांनी चालवलेल्या एका जर्मन पत्रात लिहीत. त्याचे मिळून मिळून किती मिळणार! तरीही एके दिवशी खिडकीतून दिव्यांनी उजळलेले पॅरिस पाहताना ज्युडिथ वडिलांना म्हणाली की निर्वासित असणे किती छान आहे! हा प्रसंग तिनेच म्हातारपणी कितीदा तरी सांगितला आहे.

वडिलांनी त्यावर काय केले असेल? मी याच जागी बराच वेळ थांबलो होतो. त्या वेळी घरात काय चालले होते ते ज्युडिथला पुष्कळ वर्षांनी, घरच्या कागदपत्रांतून कळले. तिची आई त्या दिवसांत इतकी खचली होती की जीव द्यावा आणि मुलांनाही बरोबर न्यावे, असे बोलू लागली होती. एकाच घरात, एकाच छपराखाली, एक मूल आयुष्यातल्या सगळ्यांत मजेदार प्रवासावर निघालेले आणि त्याची आई त्या टोकाला जाऊन पोहोचलेली. मुलीच्या कानावर मात्र यातले अवाक्षर गेले नाही. पुस्तकातल्या ॲनाला थोर माणसांच्या बालपणांविषयीचे एक पुस्तक वाचून काळजी लागते: थोर होणाऱ्या सगळ्यांचे बालपण म्हणे कष्टाचे असते, मग आपले कसे होणार? शेवटी तिसऱ्या देशात, लंडनच्या टॅक्सीत बसल्यावरही तिचा हिशेब तोच राहतो. आपण चौघे बरोबर होतो, मग कष्टाचे बालपण कसले?

हा हिशेब मुलांच्या बाजूने बरोबरच आहे. पण तो बरोबर यावा म्हणून दोन मोठी माणसे किती वर्षे आकडे लपवत होती, ते पुस्तकात नाही. कारण लिहिणाऱ्या बाईने प्रामाणिकपणे दहा वर्षांच्या मुलीला जेवढे दिसले तेवढेच लिहिले. आपल्याकडे अशा विषयावर लिहायला बसलो की आपण पहिल्या पानापासून रडायला लागतो. या बाईने एकदाही रडून दाखवले नाही. यामुळेच बहुधा आमच्या कन्येला ते पुस्तक सोडवेना.

लंडनला जाणे झाले तेही मोठे नवल. आल्फ्रेड यांनी नेपोलियनच्या आईवर एक चित्रपटकथा लिहिली होती. ती लंडनमधल्या अलेक्झांडर कोर्डा या चित्रपटनिर्मात्याने १००० पौंडांना विकत घेतली. चित्रपट कधी निघाला नाही. पण त्या पैशावर केर मंडळी इंग्लंडला पोहोचली. मुलगी जेमतेम बारा-तेरा वर्षांची आणि तिसरी भाषा सुरू! शिक्षणाचा खर्च परक्या दयाळू माणसांनी केला. आईवडील ब्लूम्सबरीतल्या एका स्वस्त हॉटेलात निर्वासितांच्या गर्दीत राहत.

मग युद्ध आले. हिटलरपासून पळालेली ही माणसे आता इंग्रजांच्या लेखी 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरली! केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या मायकेलला १९४० साली उचलून आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केले. तो सुटून आला आणि पुढे इंग्लंडच्याच विमानदलात वैमानिक झाला. सरकारे आणि त्यांचे कागद यांविषयी आणखी काय बोलावे? हाच मायकेल पुढे सर मायकेल केर म्हणून इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा न्यायाधीश झाला. जर्मन मातृभाषेचा मुलगा इंग्रजी कायद्याचा शब्दन् शब्द तोलू लागला. ज्युडिथ युद्धकाळात रेड क्रॉसच्या कामात होती, बॉम्बवर्षावाखाली रात्री काढत होती, आणि संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकत होती. १९४७ साली हे कुटुंब रीतसर ब्रिटिश झाले.

आणि वडील? मुले एकेक देश, एकेक भाषा ओलांडत पुढे गेली. वडील पहिल्याच उंबरठ्यावर उभे राहिले. फ्रेंच त्यांना उत्तम येत होते, पण इंग्रजीत त्यांची लेखणी कधी चालली नाही. ते रोज जर्मनमध्ये लिहीत राहिले; छापणारे कोणी नाही, वाचणारे कोणी नाही, आणि ज्या नाटकांवर लिहायचे ती रंगभूमी शत्रूच्या ताब्यात. घरातली पोरे आपसांत इंग्रजीत बोलू लागलेली. एकेकाळी ज्याच्या एका वाक्याने बर्लिनमधली नाटके चढत-पडत, तो म्हातारा लंडनच्या हॉटेलच्या एका खोलीत टंकलेखन यंत्रापुढे बसलेला.

खरे सांगायचे तर माझे लक्ष या जागी ज्युडिथवरून उडाले आणि मला माझीच धास्ती वाटू लागली. माझी तुलना त्यांच्याशी होण्याजोगी नाही, हे कबूल. मला कोणी गावातून हाकलले नाही, माझी पुस्तके कोणी जाळली नाहीत. (ती जळावीत इतकी खपलीही नाहीत.) पण माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. मी तिच्यासाठी आणलेली मराठी पुस्तके तिच्या कपाटात उभी असतात आणि इंग्रजी पुस्तके आडवी, म्हणजे वाचून टाकलेली असतात. मी घरात बसल्याजागी, कोणीही न हाकलता, तिच्या दृष्टीने हळूहळू परभाषिक होत चाललो आहे की काय? सौ.जवळ हे बोललो. ती म्हणाली, "आधी ती खोकी उघडा. चातुर्मास संपत आला, अजून देवांची समई सापडत नाही." तिचेही खरेच होते.

आल्फ्रेड केर यांचा शेवट थोडक्यात सांगतो. १९४८ साली, पंधरा वर्षांनी, त्यांना जर्मनीत येण्याचे आमंत्रण आले. हाम्बुर्गच्या नाट्यगृहात ते शिरले तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला. परावलंबी होऊन जगायचे नाही असे ठरवून त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यासाठीचे औषध जूलियाने आणून दिले होते, हेही ज्युडिथने नंतर लपवले नाही. ही जूलिया युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांच्या वेळी दुभाषाचे काम करत होती. तिच्या मनाच्या पुढच्या पडझडीवर मुलीने 'अ स्मॉल पर्सन फार अवे' (१९७८) या पुस्तकात लिहिले आहे. ते मुलांसाठी नाही.

बीबीसीत नायजेल नील या लेखकाशी ज्युडिथची ओळख झाली, त्याच्यामुळे तीही तेथे कथालेखन करू लागली, आणि १९५४ साली त्यांचे लग्न झाले. दोन मुले झाली. मुलीला रोज रात्री सांगायची म्हणून रचलेली एक गोष्ट १९६८ साली चित्रांसह पुस्तकरूपाने निघाली: एक वाघ दारात येतो, चहाला बसतो, घरातले सगळे खाऊन पिऊन, नळाचे पाणीसुद्धा संपवून निघून जातो. हे पुस्तक आज जगभर मुलांच्या हातांत आहे. आमच्या पेशाच्या लोकांनी त्यावर लगेच सिद्धांत मांडला की हा वाघ म्हणजे दारावर येणारे नाझी पोलीस. ज्युडिथ म्हणे, वाघ हा वाघच आहे. आम्ही प्राणिसंग्रहालयात गेलो होतो, मुलीला वाघ आवडला. मी यंदा पदवीच्या वर्गाला ही गोष्ट सांगून प्रतीकांविषयीची माझी जुनी टिपणे तिसऱ्यांदा तपासली.

गुलाबी सशाचे पुस्तक निघाले ते असे. तिचा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला 'साउंड ऑफ म्युझिक' दाखवला. बाहेर आल्यावर तो खुशीत म्हणाला, आता आपल्याला कळले, आई लहान असताना कसे होते ते! डोंगरावरची गाणी आणि छान छान पोशाख! तिने ठरवले की खरे काय होते ते आता लिहिलेच पाहिजे. १९७१ साली पुस्तक आले. १९७४ साली जर्मनीनेच त्याला मुलांच्या वाङ्मयाचे मानाचे पारितोषिक दिले, तेथील शाळांत ते वाचले जाऊ लागले, आणि ज्या शहरातून नऊ वर्षांची मुलगी पळाली त्या बर्लिनमधल्या एका प्राथमिक शाळेला तिचे नाव आहे. त्या शाळेत जर्मन आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत शिकवतात. २२ मे २०१९ रोजी ती लंडनमध्ये वारली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी. शेवटपर्यंत कामाच्या मेजाशी बसत होती. मारल्या गेलेल्या सुमारे १५ लाख ज्यू मुलांची आठवण ती काढी. त्यांना मिळाले असते ते आयुष्य आपल्याला मिळाले आहे, ते वाया कसे घालवायचे, असे तिचे म्हणणे होते.

एक गोष्ट राहिली. १९३३ साली बर्लिन सोडताना घरातले जवळजवळ सारे मागे टाकावे लागले. जूलियाने त्या घाईत सामानात काय घातले असेल? मुलीने लहानपणी काढलेली चित्रे. कागदाचे तुकडे, रंगीत खडूंनी काढलेली माणसे, पोरे. ते कागद झुरिच, पॅरिस, लंडन असे सगळे फिरले, बॉम्बवर्षावातून वाचले, आणि आता न्यूकॅसलच्या 'सेव्हन स्टोरीज' या बालसाहित्याच्या संग्रहालयात आहेत. जी बाई जीव द्यायच्या गोष्टी करत होती तिनेच ते सांभाळले.

ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी मी घरी आलो तर आतल्या खोलीतून कन्येचा आवाज येत होता. ती आजीला पुस्तक वाचून दाखवत होती. म्हणजे डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने मराठी. अडखळत, मध्येच थांबत. "तिच्या बाबांच्या... शिरावर... बक्षीस लावलं, म्हणजे आजी, पकडून दिलं तर पैसे." "इनाम म्हण," आजी म्हणाली. "हं, इनाम." मी दारातच उभा राहिलो. मला पाहिले असते तर दोघी थांबल्या असत्या.

"मग तो ससा मिळाला का गं तिला?" आईने विचारले.

"नाही. तो तिथंच राहिला. जप्त झाला ना."

आई काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर मी अंथरूण घालत होतो, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "अरे, आपला पाटा कुठल्या खोक्यात आहे? दिसला नाही अजून."

मी कोपऱ्यात उरलेल्या चार खोक्यांकडे पाहिले. जुनी इमारत जूनमध्येच पाडून झाली होती.